लिनक्सवर एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकताना सारखे विचारले जाणारे प्रश्न

नातेवाईकांत, ऑफिसात आणि सोसायटीत "लिनक्सवाला" म्हणून मीच सापडतो, त्यामुळे फोन मलाच येतात, आणि ते एकतर रात्री साडेअकराला येतात नाहीतर प्रोजेक्ट सबमिशनच्या आदल्या दिवशी. प्रश्न तेच असतात: एनव्हिडिया कंपनीचं ग्राफिक्स कार्ड लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, कसं टाकायचं. म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवतोय, पुढच्या वेळी लिंक पाठवून मोकळा होईन.

कमांड्स मी फोनवर सांगतो तशाच लिहिल्यात, म्हणजे जशा ऐकू येतात तशा. टाइप करताना अर्थातच इंग्रजीत, स्मॉल लेटर्समधे (जिथे कॅपिटल लागतं तिथे सांगेन), डॅश म्हणजे मधली छोटी आडवी रेघ. बहुतेक उदाहरणं उबुंटू आणि मिंटची आहेत कारण फोन करणारे दहापैकी आठ जण तेच वापरतात.

स्क्रीन दिसतेय, यूट्यूब चालतंय, मग ड्रायव्हर टाकायलाच पाहिजे का?

नाही, टाकायलाच पाहिजे असं काही नाही. लिनक्सबरोबर नूव्हो नावाचा एक ओपन सोर्स ड्रायव्हर आधीपासून येतो, फ्रेंचमधे नूव्हो म्हणजे नवा, २०१० मधे कर्नल २.६.३३ बरोबर तो मुख्य कर्नलमधे (म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात) आला. कंपनीने माहिती दिली नाही तेव्हा लोकांनी कार्ड कसं वागतं ते बघून बघून तो लिहिलाय, त्यामुळे त्याला नावं ठेवायची माझी हिंमत नाही. ब्राउझर, लिब्रेऑफिस, सिनेमा एवढंच करणार असाल तर इथेच थांबलात तरी चालेल.

अडचण कुठे येते सांगतो. जीटीएक्स ९०० सिरीजपासून कंपनीने फर्मवेअरवर स्वतःची डिजिटल सही बंधनकारक केली, आणि त्या सहीशिवाय कार्डाचा वेग वाढवता येत नाही, म्हणून ९०० आणि १००० वाली कार्डं नूव्होवर बूट होतानाच्या कमी वेगावरच अडकून राहतात. गाडी पाच गिअरची पण घाटातही पहिल्यावरच. १६०० आणि आरटीएक्स कार्डांवर आता परिस्थिती बरीच सुधारलीये, पण ब्लेंडरमधे ऑप्टिक्स (रेंडरिंगसाठी), ओबीएसमधे एनव्हीएन्क (व्हिडिओ रेकॉर्डिंगसाठी), डाविंची रिझॉल्व्ह, किंवा काहीही कूडा (कार्डावर गणितं करायची एनव्हिडियाची प्रणाली) लागणारं असेल तर कंपनीचा बंद ड्रायव्हरच लागतो, दुसरा रस्ता नाही.

माझं कार्ड एएमडीचं आहे. मला काय करायचंय?

काही नाही. एएमडीजीपीयू ड्रायव्हर २०१५ पासून कर्नलमधेच आहे, वरचा भाग मेसा नावाच्या ओपन सोर्स लायब्ररीत आहे. इंटेलचंही तसंच. सिस्टम अपडेट ठेवा आणि हे पान बंद करा.

मशीनमधे नेमकं कुठलं कार्ड आहे ते कसं बघायचं? दुकानदाराने "फोर जीबी ग्राफिक्स" एवढंच सांगितलंय.

टर्मिनल उघडा, एलएसपीसीआय स्पेस डॅश के, एंटर. लांबलचक यादी येईल, त्यात एनव्हिडिया शोधा. डेस्कटॉपवर ते व्हीजीए नावाच्या ओळीत सापडतं, लॅपटॉपवर मात्र बऱ्याचदा "थ्रीडी कंट्रोलर" नावाच्या ओळीत असतं, आणि लोक फक्त व्हीजीएची ओळ बघतात, तिथे इंटेल दिसतं, आणि मला फोन करतात की दुकानदाराने फसवलं. बिचाऱ्याने नसतं फसवलेलं. त्याच्याच खाली "कर्नल ड्रायव्हर इन यूज" अशी ओळ असते, तिथे नूव्हो की एनव्हिडिया तेही कळतं. हे शब्द लक्षात ठेवा, पुढे सारखे लागणारेत.

४७०, ५३५, ५५०, ५८०... यातला कुठला नंबर घ्यायचा? सगळ्यात मोठा घेतला तर?

मोठा म्हणजे चांगला असं इथे नाही! हे नंबर म्हणजे ड्रायव्हरच्या शाखा आहेत, आणि दर काही वर्षांनी कंपनी जुन्या कार्डांच्या पिढीला नव्या शाखेतून बाहेर काढते. जुन्या कार्डावर नवा ड्रायव्हर टाकला तर इन्स्टॉल व्यवस्थित होतो, कुठेही एरर नाही, फक्त रीस्टार्ट केल्यावर ड्रायव्हर म्हणतो हे कार्ड मी ओळखत नाही, आणि तुम्ही काळ्या स्क्रीनकडे बघत बसता.

साधारण हिशोब असा. जीटीएक्स ४०० आणि ५०० ला ३९० शाखा होती, तिचा सपोर्ट २०२२ च्या शेवटी संपला. जीटीएक्स ६०० आणि ७०० मधली बहुतेक, शिवाय आपल्याकडे स्वस्तात मिळायचं म्हणून घरोघरी असलेलं जीटी ७१०, यांना ४७०, आणि तीही २०२४ मधे बंद झाली. (जीटीएक्स ७५० आणि ७५० टीआय नावाने ७०० मधली पण आतून पुढच्या पिढीची, ती खालच्या गटात धरा. नावं देणाऱ्याला विचारायला पाहिजे.) जीटीएक्स ७५०, ९०० आणि १००० सिरीज, म्हणजे १०५०, १०५० टीआय, १०६० वाली सगळी मंडळी, यांच्यासाठी ५८० ही शेवटची शाखा. ५९० मधून त्यांना काढलंय. डिसेंबर २०२५ मधे आर्च लिनक्सने मुख्य पॅकेज ५९० वर नेलं तेव्हा १०६० वाल्यांनी नेहमीसारखा अपडेट मारला आणि डेस्कटॉपच आला नाही, त्यांना ५८० चं वेगळं पॅकेज एयूआरमधून (आर्च वापरणाऱ्यांनीच चालवलेल्या भांडारातून) घ्यावं लागलं. १६०० सिरीज आणि आरटीएक्स २००० पासून पुढे आज तरी कुठलीही चालू शाखा चालते. आरटीएक्स ५००० वाल्यांना ५७० किंवा त्याच्या वरचा, आणि तोही "ओपन" लिहिलेलाच लागतो, त्याबद्दल खाली.

हे पाठ करायची गरज नाही. उबुंटूवर उबुंटू डॅश ड्रायव्हर्स स्पेस डिव्हायसेस असं टाइप केलं की तुमच्या कार्डाला चालणारे सगळे ड्रायव्हर दिसतात आणि एकापुढे "रेकमेंडेड" लिहिलेलं असतं. तो घ्या. डोकं लावू नका. यादीत "सर्व्हर" लावलेले पण नंबर असतात, ते डेटासेंटरवाल्यांसाठी असतात, घरी उपयोग नाही.

एनव्हिडियाच्या साइटवरून डाउनलोड करून टाकला तर सगळ्यात लेटेस्ट मिळेल ना?

मिळेल. आणि सगळ्यात जास्त फोन मला त्यामुळेच येतात.

विंडोजवरून आलेल्या माणसाचा हात आपोआप तिकडे जातो, ब्राउझर उघडा, कंपनीच्या साइटवर जा, फाइल उतरवा, डबल क्लिक. लिनक्सवर तिथून तीनशे-चारशे एमबीची डॉट रन फाइल मिळते, ती चालते सुद्धा, पण ती तुमच्या सिस्टमच्या पॅकेज मॅनेजरला न सांगता फाइल्स इकडेतिकडे टाकते. एपीटीला, म्हणजे उबुंटूच्या पॅकेज मॅनेजरला, माहीतच नसतं की तुम्ही असं काही केलंय. मग पंधरा दिवसांनी कर्नलचा अपडेट येतो, किंवा एपीटी स्वतःच्या एनव्हिडिया लायब्ररीज त्यावरून टाकतं, अर्ध्या फाइल्स एका आवृत्तीच्या अर्ध्या दुसऱ्या, आणि सकाळी मशीन चालू केलं की बोंब.

मी स्वतः हे केलंय. पहिल्यांदा लिनक्स टाकलं त्या दिवाळीच्या सुट्टीत आधी एपीटीतून ड्रायव्हर टाकला, मग कुठेतरी वाचलं की साइटवर नवा आहे, तोही त्याच्यावरच टाकला, दोन दिवस मजेत गेले आणि भाऊबीजेच्या दिवशी पाहुणे हॉलमधे आणि मी आत लॉगिन स्क्रीनवर पासवर्ड देतोय, ती क्षणभर जाते आणि परत लॉगिन स्क्रीनच येते. शेवटी सगळं फॉरमॅट केलं. आज तीच गोष्ट दहा मिनिटांत सुटली असती, पण तेव्हा कुणाला विचारणार.

तर या पानावरचं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: ड्रायव्हर तुमच्या डिस्ट्रोच्या (उबुंटू, मिंट, फेडोरा, जे वापरता त्याच्या) भांडारातूनच घ्या, आणि एकदा एक मार्ग धरला की दुसरा त्यात मिसळू नका. साइटवरचा आधीच टाकला असेल तर तीच डॉट रन फाइल डॅश डॅश अनइन्स्टॉल लावून चालवा, म्हणजे ती आपला पसारा स्वतः आवरते, मग पुढे जा.

बरं, मग उबुंटूवर आणि मिंटवर नेमकं काय करायचं?

आधी सिस्टम पूर्ण अपडेट करून एकदा रीस्टार्ट करा, हे लोक हमखास गाळतात. जमलं तर टाइमशिफ्ट या बॅकअप टूलने सिस्टमचा स्नॅपशॉट घ्या. मग सुडो उबुंटू डॅश ड्रायव्हर्स स्पेस इन्स्टॉल. रेकमेंडेड ड्रायव्हर आपोआप येतो. परत रीस्टार्ट. झालं. खरंच एवढंच आहे.

टर्मिनल नको असेल तर उबुंटूत "सॉफ्टवेअर अँड अपडेट्स" मधे "अॅडिशनल ड्रायव्हर्स" नावाचा टॅब आहे, मिंटमधे "ड्रायव्हर मॅनेजर" आहे, तिथे निवडा आणि अप्लाय करा. मधे अर्धवट बंद करू नका, बार एका जागी थांबलेला दिसला तरी आत मॉड्युल (कर्नलमधे बसणारा ड्रायव्हरचा भाग) कंपाइल होत असू शकतं, जुन्या मशीनवर पाच-सात मिनिटं सहज लागतात.

फेडोरावर?

फेडोराच्या स्वतःच्या भांडारात बंद ड्रायव्हर नसतो, आरपीएम फ्यूजनचं नॉनफ्री भांडार जोडायचं आणि तिथून एकेमॉड डॅश एनव्हिडिया टाकायचं, कूडा लागत असेल तर त्याचं वेगळं पॅकेज शेजारीच असतं. इथली खोच अशी की इन्स्टॉल संपलं असं डीएनएफ (फेडोराचा पॅकेज मॅनेजर) सांगतं तेव्हा खरं काम सुरू झालेलं असतं, मागे मॉड्युल तयार होत असतं. लगेच रीस्टार्ट मारलात तर फसाल. चहा टाका, पाच मिनिटांनी मॉडइन्फो स्पेस डॅश कॅपिटल एफ स्पेस व्हर्जन स्पेस एनव्हिडिया टाइप करा, आवृत्तीचा नंबर दिसला तर रीस्टार्ट करा, एरर आला तर अजून एक चहा.

डेबियन? आर्च?

डेबियनमधे सोर्सेसच्या फाइलमधे मेनच्या पुढे कॉन्ट्रिब, नॉन-फ्री आणि नॉन-फ्री-फर्मवेअर हे तिन्ही जोडा (शेवटचा विभाग डेबियन १२ पासून वेगळा झालाय, जुन्या गाइडमधे सापडणार नाही), अपडेट करा, कर्नलचे हेडर्स (मॉड्युल बांधायला लागणाऱ्या फाइल्स) टाका, मग एनव्हिडिया डॅश ड्रायव्हर. आर्च वापरणाऱ्याने मला फोन करायचा नसतो, विकी वाचायची असते.

रीस्टार्ट केल्यावर एक निळी स्क्रीन आली, मोक का काहीतरी लिहिलं होतं, मी घाबरून कंटिन्यू बूट केलं. आता ड्रायव्हर चालत नाहीये.

हा माझा आवडता प्रश्न, कारण चूक कुणाचीच नसते आणि तरी सगळे फसतात.

तुमच्या मशीनमधे सिक्युअर बूट चालू आहे. त्याचा अर्थ, ओळखीच्या सहीशिवाय कुठलंही मॉड्युल कर्नलमधे घुसू द्यायचं नाही. उबुंटूकडे कॅनॉनिकलची (उबुंटू बनवणाऱ्या कंपनीची) सही आधीच असलेली तयार मॉड्युल्स असतात, ती आली तर हा सोहळा होतच नाही. पण डीकेएमएस वालं पॅकेज आलं तर ड्रायव्हरचं मॉड्युल तुमच्याच मशीनवर बनतं, त्यावर तुमच्याच मशीनने बनवलेल्या कीने (हीच मोक, म्हणजे मशीन ओनर की) सही होते, आणि ती सही खरी आहे हे फर्मवेअरला एकदा समोर बसून सांगावं लागतं. इन्स्टॉल होताना मधेच एक पासवर्ड विचारलेला तो यासाठीच, आणि ९९ टक्के लोकांना वाटतं की आपला लॉगिन पासवर्ड मागतोय. नाही. हा फक्त पुढच्या एका रीस्टार्टपुरता, आठ अक्षरांचा तरी ठेवा, आकडे आणि साधी अक्षरं वापरा कारण त्या निळ्या स्क्रीनवर कीबोर्ड अमेरिकन असतो आणि चिन्हं इकडची तिकडे होऊ शकतात.

रीस्टार्ट झाल्यावर निळी स्क्रीन येते आणि काही सेकंद थांबून निघून जाते, त्यामुळे मशीन सोडून पाणी प्यायला जाऊ नका. कुठलीही की दाबा, "एनरोल मोक" निवडा, मग "कंटिन्यू", मग "येस", मग तो पासवर्ड (टाइप करताना काहीही उमटत नाही, उमटणारच नसतं), मग "रीबूट". पहिलाच पर्याय "कंटिन्यू बूट" असा असतो, तो दाबलात म्हणजे सही नाकारलीत.

संधी गेली असेल तर उबुंटूवर सुडो मोकयुटिल स्पेस डॅश डॅश इम्पोर्ट आणि पुढे त्या कीचा पत्ता: स्लॅश व्हार स्लॅश लिब स्लॅश शिम-साइन्ड स्लॅश मोक स्लॅश मोक डॉट डर, यातलं शेवटचं मोक कॅपिटलमधे. परत नवा पासवर्ड मागेल, परत रीस्टार्ट, परत निळी स्क्रीन, या वेळी नीट.

सिक्युअर बूट बंदच करून टाकलं तर?

चालतं. घरच्या डेस्कटॉपवर मी बंदच ठेवतो. पण त्याच मशीनवर विंडोज असेल आणि बिटलॉकर चालू असेल तर बंद करण्याआधी रिकव्हरी की लिहून घ्या, नाहीतर विंडोज ती ४८ आकडी की मागेल आणि तुम्ही मला शिव्या द्याल. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आयटीवाल्यांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

काळी स्क्रीन. नुसती काळी. सगळं गेलं का?

काहीही गेलेलं नाही. तुमच्या फाइल्स, फोटो, प्रोजेक्ट सगळं जागेवर आहे, फक्त दाखवणारा माणूस रजेवर गेलाय. यूएसबीवरून परत उबुंटू टाकायला घेऊ नका!

आधी फालतू वाटणारी गोष्ट: डेस्कटॉप असेल तर मॉनिटरची केबल मागे कुठे लावलीये ते बघा. मदरबोर्डच्या एचडीएमआयला लावलेली असते आणि चित्र कार्डाच्या पोर्टातून बाहेर पडत असतं. हसू नका, दोनदा झालंय.

मग कंट्रोल ऑल्ट एफ३ एकदम दाबा. काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत लॉगिन मागितलं तर लढाई निम्मी जिंकलीत, तिथूनच सगळं करता येतं. लॉगिन करून तीन गोष्टी बघायच्या. यूनेम स्पेस डॅश आर, म्हणजे आत्ता कुठला कर्नल चालू आहे. डीकेएमएस स्पेस स्टेटस, म्हणजे त्या कर्नलसाठी एनव्हिडियाचं मॉड्युल "इन्स्टॉल्ड" आहे का नुसतं "अॅडेड" वर लटकलंय. (उबुंटूची तयार मॉड्युल्स असतील तर इथे काहीच दिसणार नाही, ते ठीक आहे.) आणि मघाचं एलएसपीसीआय डॅश के. मॉड्युल लटकलेलं असेल तर बहुतेक वेळा कर्नलचे हेडर्स नसतात, लिनक्स डॅश हेडर्स डॅश आणि पुढे यूनेमने दिलेलं जसंच्या तसं नाव असं पॅकेज टाकलं की डीकेएमएस स्वतःच कामाला लागतं. कंपाइल होताना एरर येत असेल तर कर्नल नवा आणि ड्रायव्हर जुना अशी जोडी जमत नाहीये, ४७० वाल्यांना हा त्रास नव्या कर्नलवर होतोच.

कंट्रोल ऑल्ट एफ३ ला पण काही येत नसेल तर ग्रबमधून (बूट होतानाच्या मेनूतून) जायचं. मशीन चालू होताना एस्केप दाबा (जुन्या बायोसवाल्या मशीनवर शिफ्ट धरून ठेवा), मात्र एस्केप एकदाच, भराभर दाबलंत तर ग्रबचा कोरा प्रॉम्प्ट येतो, तिथे रीबूट टाइप करून परत प्रयत्न करा. मेनू आला की पहिल्या ओळीवर असताना ई दाबा, लिनक्स या शब्दाने सुरू होणारी लांब ओळ शोधा, तिच्या शेवटी स्पेस देऊन नोमोडसेट लिहा, एफ१० दाबा. मोठ्ठाल्या आयकॉनवाली का होईना, स्क्रीन येईल किंवा निदान टर्मिनल तरी मिळेल. हा बदल एका बूटपुरताच असतो, त्यामुळे काही बिघडत नाही. किंवा त्याच मेनूत "अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स" मधे जाऊन आधीचा कर्नल निवडा, काल चालत होतं आणि आज अपडेटनंतर गेलं असेल तर हाच सगळ्यात सोपा उपाय.

लॉगिन स्क्रीन येते, पासवर्ड दिला की परत तीच येते, असं असेल तर जुनी एक्सऑर्ग डॉट कॉन्फ फाइल राहिलीये का बघा, स्लॅश ईटीसी स्लॅश कॅपिटल एक्स११ या फोल्डरमधे. असेल तर उडवू नका, नाव बदलून ठेवा. आजकाल बहुतेक मशीन्सना ती लागतच नाही.

"एनव्हिडिया-एसएमआय हॅज फेल्ड" असं येतं.

एनव्हिडिया-एसएमआय ही कार्डाची माहिती दाखवणारी कमांड, ती फेल झाली म्हणजे मॉड्युल लोड झालेलं नाही. वरच्या दोन उत्तरांपैकी एक लागू पडेल, आधी मोक बघा, मग डीकेएमएस.

"ड्रायव्हर लायब्ररी व्हर्जन मिसमॅच" असं येतं.

रीस्टार्ट करा. मागे अपडेट होऊन डिस्कवर नवी लायब्ररी आली, मेमरीत मॉड्युल अजून जुनंच आहे, दोघांचं जमत नाहीये. रीस्टार्टनंतरही तेच आलं तर मात्र दोन मार्ग मिसळलेले आहेत, साफसफाईच्या प्रश्नावर जा.

लॅपटॉपमधे इंटेल पण आहे आणि एनव्हिडिया पण. ड्रायव्हर टाकला तरी गेम इंटेलवरच चालतोय.

हे ऑप्टिमस प्रकरण, लॅपटॉप साधारणपणे इंटेलवर चालतो आणि ताकद लागली की एनव्हिडिया जागं होतं, बॅटरी वाचावी म्हणून. विंडोजवर कोण कधी जागं होणार ते ड्रायव्हर ठरवतो, लिनक्सवर तुम्हीच सांगायचं. उबुंटूत सुडो प्राइम डॅश सिलेक्ट आणि पुढे तीनपैकी एक: इंटेल, एनव्हिडिया किंवा ऑन डॅश डिमांड. शेवटचा ठेवा. मग ग्नोममधे (उबुंटूच्या डेस्कटॉपवर) आयकॉनवर राइट क्लिक केलं की "डेडिकेटेड ग्राफिक्स कार्डावर चालवा" असा पर्याय मिळतो, स्टीममधल्या गेमला लाँच ऑप्शन्समधे प्राइम-रन लावता येतं, जिथे ते पॅकेज आहे तिथे.

अजून एक. बऱ्याच गेमिंग लॅपटॉपवर बाजूचं एचडीएमआय पोर्ट थेट एनव्हिडियालाच जोडलेलं असतं. प्राइम इंटेलवर ठेवलंत तर प्रोजेक्टर किंवा टीव्ही लागणारच नाही, आणि हे तुम्हाला प्रेझेंटेशनच्या वेळीच कळेल.

दर कर्नल अपडेटला ड्रायव्हर जातो. असं किती दिवस?

भांडारातून टाकला असेल तर असं व्हायला नको. डीकेएमएस (मूळ डेल कंपनीतलं काम) याच्यासाठीच आहे, नवा कर्नल आला की मॉड्युल परत बांधतं. तरी जात असेल तर दोन संशयित: हेडर्सचं मेटापॅकेज टाकलेलं नाही, त्यामुळे नव्या कर्नलचे हेडर्स येतच नाहीत, किंवा स्लॅश बूट भरलंय. दुसरं वेगळं पार्टिशन असलेल्यांकडे होतं, डीएफ डॅश एच ने बघा, सुडो एपीटी ऑटोरिमूव्हने जुने कर्नल जातील.

नावात "ओपन" लिहिलेला ड्रायव्हर दिसतो. म्हणजे एनव्हिडियाने सगळं खुलं केलं?

सगळं नाही. मे २०२२ मधे ५१५ शाखेबरोबर कंपनीने फक्त कर्नलमधल्या मॉड्युलचा सोर्स खुला केला, ओपनजीएल, व्हल्कन, कूडा हे वरचे भाग बंदच आहेत, आणि बरंच काम कार्डावरच्या जीएसपी नावाच्या छोट्या प्रोसेसरच्या फर्मवेअरमधे गेलंय, तेही बंद. तो प्रोसेसर १६०० सिरीज आणि आरटीएक्स २००० पासून आहे म्हणून ओपन मॉड्युल त्याच कार्डांपासून पुढे चालतं. १०६० वर ओपन टाकलंत तर काळी स्क्रीन, वरून नाव ऐकून टाकू नका. आरटीएक्स ५००० वर उलट, फक्त ओपनच. मधल्या सगळ्यांना दोन्ही चालतात, कंपनी स्वतः आता ओपन सुचवते.

लिनक्स सुरू करणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने एनव्हिडियाला शिवी दिली होती ती का?

२०१२ च्या जूनमधे फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात कुणीतरी विचारलं तेव्हा टोरवाल्ड्स म्हणाले की कंपन्यांमधे आम्हाला सगळ्यात वाईट अनुभव हिचाच, आणि कॅमेऱ्यात बघून मधलं बोट दाखवलं. तेव्हा ऑप्टिमस लॅपटॉपवाल्यांचे हाल होते. तेव्हापासून चित्र बदललंय ते डेस्कटॉपवाल्यांच्या प्रेमामुळे नाही, डेटासेंटरमुळे. मोठ्या एआय मशीन्स सगळ्या लिनक्सवरच चालतात, आपल्या पुण्याच्या सी-डॅकचा परम सिद्धी-एआय सुपरकॉम्प्युटर पण एनव्हिडियाच्या ए१०० कार्डांवर उभा आहे, जगातल्या सुपरकॉम्प्युटर्सच्या नोव्हेंबर २०२० च्या टॉप५०० यादीत तो ६३ वा होता. तिथे ड्रायव्हर गंडला तर कंपनीचंच नुकसान, त्याचा फायदा आपल्या १०५० टीआयला पण मिळत आलाय.

वेलँड चालेल का एक्स११ वर राहू?

दोन्ही स्क्रीनवर खिडक्या दाखवायच्या पद्धती, एक्स११ जुनी, वेलँड नवी. २०२४ मधे ५५५ शाखेत एक्स्प्लिसिट सिंक आलं, त्याआधी वेलँडवर खिडक्या लुकलुकायच्या, टाइप केलेलं अक्षर मागेपुढे दिसायचं. ५५५ च्या वरचा ड्रायव्हर असेल तर बिनधास्त वेलँड वापरा. ४७० वाल्यांनी एक्स११ वरच राहावं, आणि त्यासाठी डिस्ट्रो जपून निवडावी कारण उबुंटू २५.१० पासून ग्नोममधे एक्स११ चं सेशनच काढून टाकलंय. मिंट सिनॅमन किंवा एक्सएफसीई घ्या.

लॅपटॉप झोपवून उठवला की स्क्रीनवर रंगीत कचरा दिसतो.

झोपताना कार्डाच्या मेमरीतला मजकूर जपला जात नाहीये. एनव्हिडिया मॉड्युलला प्रिझर्व्ह व्हिडिओ मेमरी अॅलोकेशन्स नावाचा पर्याय आहे, तो १ करायचा आणि एनव्हिडिया डॅश सस्पेंड, हायबरनेट आणि रिझ्यूम या तीन सर्व्हिसेस चालू आहेत ना बघायचं. याने बहुतेकांचं सुटतं. माझ्या जुन्या लॅपटॉपचं सुटलं नाही, मी झाकण लावायच्या आधी बंद करतो.

एनव्हिडिया-एसएमआय मधे कूडा १२ पॉइंट काहीतरी दिसतंय, पण एनव्हीसीसी सापडत नाही म्हणतंय.

इंजिनिअरिंगची सगळी पोरं इथे अडकतात. एनव्हीसीसी म्हणजे कूडाचा कंपायलर. वर उजवीकडे दिसणारा तो आकडा म्हणजे हा ड्रायव्हर जास्तीत जास्त कुठल्या कूडापर्यंत चालेल ती मर्यादा, कूडा टाकलेलं आहे असा त्याचा अर्थ नाही. पायटॉर्च पिपने टाकणार असाल तर वेगळं कूडा लागतही नाही, ते आपलं आपल्याबरोबर घेऊन येतं. स्वतः कूडाचा कोड कंपाइल करायचा असेल तरच टूलकिट टाका, आणि एनव्हिडियाचं भांडार जोडून नुसतं "कूडा" नावाचं पॅकेज टाकू नका, ते सोबत स्वतःचा ड्रायव्हर ओढून आणतं. कूडा डॅश टूलकिट असं टाका.

स्टीम उघडत नाही, किंवा फ्लॅटपॅकमधलं सगळं एकदम स्लो झालं.

स्टीमला ३२ बिट लायब्ररीज लागतात, तुमच्या ड्रायव्हरच्याच नंबरची लिबएनव्हिडिया-जीएल ची आय३८६ आवृत्ती टाका. फ्लॅटपॅकवाले ड्रायव्हरच्या लायब्ररीज स्वतःच्या डब्यात वेगळ्या ठेवतात आणि नंबर तंतोतंत जुळावा लागतो, त्यामुळे ड्रायव्हर अपडेट झाला की फ्लॅटपॅक अपडेट पण मारायचा. नाही मारला तर सगळं चित्र बिचारा सीपीयू काढत बसतो.

सगळं काढून पहिल्यापासून सुरू करायचंय.

साइटवरची डॉट रन आधी वापरली असेल तर तिचं अनइन्स्टॉल पहिलं. मग उबुंटूवर सुडो एपीटी पर्ज आणि पुढे सिंगल कोट्समधे टोपीचं चिन्ह, एनव्हिडिया, डॅश, टिंब, तारा. कोट्स विसरू नका, आणि काय काय उडणार आहे त्याची यादी येते ती वाय दाबायच्या आधी वाचा, त्यात उबुंटू-डेस्कटॉप वगैरे दिसलं तर एन दाबून थांबा. स्लॅश ईटीसी स्लॅश मॉडप्रोब डॉट डी मधे नूव्होला काळ्या यादीत टाकणारी हाताने बनवलेली फाइल असेल तर तीही काढा, नाहीतर दोन्ही ड्रायव्हर नाहीत अशी त्रिशंकू अवस्था होते. मग सुडो अपडेट डॅश इनिटरॅमएफएस स्पेस डॅश यू आणि रीस्टार्ट. नूव्होवर स्क्रीन आली की कोरी पाटी मिळाली.

एका व्हिडिओत एक स्क्रिप्ट दिलीये, एका कमांडमधे सगळं होतं म्हणे. चालवू?

२०११ मधे बंबलबी नावाचा एक प्रोजेक्ट होता, ऑप्टिमस लॅपटॉपवर एनव्हिडिया चालवायला लोक तोच वापरायचे. त्यांच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमधे एक जुनं फोल्डर उडवायची ओळ होती, आणि त्या पत्त्यात स्लॅश यूएसआर नंतर चुकून एक स्पेस पडली होती. एक स्पेस. लोकांचं अख्खं यूएसआर फोल्डर उडालं, म्हणजे जवळपास सगळी सिस्टमच. लिहिणारे चांगले, कोड सगळ्यांसमोर उघडा, तरी झालं. व्हिडिओवाल्याची स्क्रिप्ट आधी उघडून वाचा, समजली नाही तर चालवू नका.

एवढं करूनही नाही झालं तर फोन करू?

करा. पण आधी कार्डाचं नाव, यूनेमने दिलेला कर्नल आणि डीकेएमएसचं स्टेटस कागदावर उतरवून घ्या, आणि एररचा फोटो पाठवताना अख्खी ओळ दिसू दे, "काहीतरी फेल्ड आलंय" यावरून मला काही कळत नाही. साडेअकराच्या आत.